ज्याचं त्याला कळाय पायजे

अहो, माळावरची वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी मी काल खाली उतरवली. खांबाच्या दोरीची गाठ तुम्हीच मारलेली, त्यामुळं ती सुटता सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. तुम्ही गेल्यापासून ती वर नुसतीच फडफडत होती, आणि आज वारा कुठला आहे असं विचारणारं या घरात कुणी उरलं नव्हतं. तिच्या शिवणी माझ्या हातच्या. लाल-पांढरे पट्टे उन्हानं विटून एकाच रंगाचे झालेत. घडी घालून तुमच्या ट्रंकेवर ठेवलीय.

गावातनं माणसं येऊन गेली. सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. देवमाणूस होता म्हणाले. मी मान हलवली. तुम्ही देवमाणूस वगैरे काही नव्हता. चहा जरा कोमट झाला की कप माघारी पाठवणारे, भाकरीची कड करपली की ती ताटात वेगळी काढून मला दाखवणारे, आणि वाद मिटल्याशिवाय दिवा मालवू न देणारे गृहस्थ होता तुम्ही. हे त्या लोकांना सांगून काय उपयोग? म्हणून तुम्हालाच सांगतेय. तुमच्याशी इतकं सलग मी आजवर कधी बोललेच नव्हते. मधे तुम्ही बोलायचात.

मी बार्शीची, इंग्रजी मुलखातली, चार इयत्ता मराठी शिकलेली. लग्न होऊन तुमच्या मोगलाईत आले तेव्हा वाटलं होतं, निदान गावात राहू. तर लढाईच्या दिवसांत सरकारनं धाराशिवच्या बाहेर या माळावर विमानं उतरायची जागा केली आणि तिची राखण तुमच्या गळ्यात पडली. पत्र्याच्या दोन खोल्या, पाण्याची टाकी आणि खांब. हाक मारली तर ऐकू जाईल असं शेजारी कुणी नाही. मूल झालं नाही. बोलायला तुम्ही आणि भांडायलाही तुम्हीच. महिनोन्‌महिने विमान यायचं नाही, तरी तुम्ही रोज दगड वेचायचात आणि गुरं हाकलायचात. विमान आलं की पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या जमिनीवर अंथरायच्या, म्हणजे वरच्याला कळतं की उतर, आणि या दिशेनं उतर. उतरू नको म्हणायचं असेल तर पट्ट्या गुंडाळायच्या आणि लाल निशाण हलवायचं. वरच्याशी बोलायचं दुसरं साधन आपल्याकडं नव्हतं. एवढंच तुमचं काम, आणि त्याचा केवढा तोरा.

आपले वाद तसे पुष्कळ होते. पण एकच वाद खरा होता, बाकीचे सगळे त्याचीच पोरंबाळं. माणसाला वाईट बातमी सांगावी की झाकावी, हा तो वाद. तो सुरू झाला त्या विमानाच्या दिवशी.

चैत्र संपत आला होता. वारा दक्षिणेचा होता, म्हणून तुम्ही पट्ट्या दक्षिणेकडं तोंड करून अंथरल्या होत्या. विमान उतरतं ते वाऱ्याला सामोरं, हे तोवर मलाही पाठ झालं होतं. माकणीचा नागनाथ गाडीवान येडशी स्टेशनवरनं तेलाचे डबे घेऊन आला होता आणि बैलांना पाणी दाखवत होता. उत्तरेकडनं आवाज आला. दोन इंजिनांचं लष्करी विमान, माळाकडं खाली खाली येत होतं. नागनाथ आणि मी पंखांकडं बघत होतो. तुम्ही नेहमीसारखे उकिडवे बसून त्याच्या पोटाकडं बघत होता.

एकदम उठलात आणि पट्ट्या गोळा करत सुटलात. मला काही कळेना. मग तुम्ही निशाण घेऊन मैदानाच्या मधोमध उभे राहिलात, आणि ते विमान तुमच्या डोक्यावरनं असं गेलं की आपल्या छपराचे पत्रे थडथडले. तेव्हा मला दिसलं. त्याचं एकच चाक खाली आलं होतं. उजवं. डाव्या बाजूला इंजिनाखाली नुसतं सपाट पोट.

तो विमानवाला घिरट्या घालून परत आला. तुम्ही परत निशाण हलवलंत. तो परत वर गेला, आणि जाताना त्यानं काचेतनं हात बाहेर काढून काय झालं असं विचारल्यासारखं केलं. त्याला मैदान रिकामं दिसत होतं, ना गुरं ना माणसं, आणि खाली एक येडा लाल फडकं हलवतोय. चाक त्याला बसल्या जागेवरनं दिसत नाही, हे तुम्ही मला धावता धावता सांगितलंत.

मी म्हणाले, "निशाण दाखवलंत ना? तुमचं काम झालं. जाऊ द्या त्याला सोलापूरला, तिथं उतरू दे."

मला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला बरोबर कळलं होतं. तो इथं मेला तर ठपका तुमच्यावर. चौकशी आणि जबान्या होतील, सगळं उर्दूत लिहून घेतील आणि खाली तुमचा अंगठा. निशाण दाखवून परत पाठवला तर तुमच्याकडं बोट दाखवायला जागा नव्हती. तुम्ही माझ्याकडं बघितलंतसुद्धा नाही.

"तितं त्याला कोन सांगंल?" तुम्ही म्हणालात. "नीट हाय असं समजून टेकंल त्यो. ज्याचं त्याला कळाय पायजे."

आणि नागनाथला हाक मारलीत. गाडी मैदानात घे, बैल सोड, आणि डावं चाक काढ. नागनाथला वाटलं तुम्हाला ऊन लागलं. पण तुमचा आवाज असा होता की त्यानं विचारलं नाही. त्यानं गाडी आत आणली, बैल वळवले, गाडी उभी केली, जू सोडलं. आखाची खीळ तुम्ही दगडानं ठोकून काढलीत. दोघांनी चाक ओढलं तशी गाडी त्या अंगाला कलंडून मातीत टेकली. चाक मी आणि तुम्ही लोटत लांब नेलं, म्हणजे वरनं बघताना गाडीला एका बाजूला चाक नाही हे डोळ्यात भरावं. मी रागात होते, तरी लोटत होते. मग विमान येताना दिसलं की तुम्ही त्याच्याकडं बोट करायचात, मग कलंडलेल्या बाजूला जाऊन उभे राहून दोन्ही हातांनी नाही नाही करायचात. दुसरा कुठला प्रसंग असता तर मी हसले असते.

तो अगदी खालनं गेला आणि त्यानं पंख हलवले. कळलं, असं. त्यानं वर जाऊन काय काय करून बघितलं. विमान सुळकन खाली आणायचा आणि झटक्यात वर खेचायचा, म्हणजे अडकलेलं चाक हिसक्यानं सुटावं. नाही सुटलं. खाली आलेलं उजवं चाकही त्याला परत आत घेता येईना. म्हणजे आता एकाच चाकावर उतरायचं, आणि ज्या बाजूला चाक नाही तो पंख जमेल तितका वेळ वर धरून ठेवायचा. एवढं तुम्ही मला सांगत होता, आणि तो सराव केल्यासारखा मैदानावरनं खालनं गेला. उजवा पंख वर धरून.

तुमच्या तोंडाचा रंग उडालेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

उजवं चाक तर होतं. नव्हतं ते डावं. तो उलटं समजला होता, आणि तसाच उतरला असता तर चाक नसलेल्या बाजूवरच टेकला असता. तुम्ही गाडीकडं बघितलंत, मग खांबाकडं, मग परत गाडीकडं. गाडीचं तोंड उत्तरेला होतं. विमान उत्तरेकडनं येत होतं. समोरासमोर उभं राहिलं की आपलं डावं ते समोरच्याच्या उजवीकडं येतं, तसं झालं होतं.

नागनाथची त्यात काय चूक? मोकळ्या गाडीचं जू दक्षिणेला ठेवायचं नाही, ती यमाची दिशा, हे आपल्या भागातल्या गाडीवानाला कुणी सांगावं लागत नाही. त्याच्या हातांनीच बैल वळवले होते. तुम्ही म्हणालात, गाडी फिरवायची, जू दक्षिणेला करायचं, विमानाच्या तोंडासारखं. नागनाथनं हात काढून घेतले. म्हणाला, "मालक, आसलं न्हाय करायचं. घरात मानसं हायत."

"माज्या घरात दोनच हायत," तुम्ही म्हणालात. "तू नगं हात लावू. म्या करतो."

आणि खांदा लावलात. एका चाकावर कलंडलेली गाडी एकट्यानं फिरते का कुठं? टाचा मातीत रुतत होत्या, धोतर सुटायला आलं होतं, वर त्याच्या इंजिनांचा आवाज. मी तुमच्या बाजूची नव्हते. मला अजून तो सोलापूरला गेलेलाच हवा होता. पण तुम्ही एकटे ढकलत होता ते मला बघवेना. मी पदर खोचला आणि जुवाला धरून ओढलं. मग नागनाथही महादेवाचं नाव घेत आला. तिघांनी मिळून ती गाडी मातीत खरवडत फिरवली. जू दक्षिणेला झालं.

तो आला, बघितलं, पुढं निघून गेला. परत आला तो डावा पंख वर धरून. पंख हलवून दाखवायच्या ऐवजी या वेळी त्यानं काचेतनं नुसता हात बाहेर धरला.

मग उन्हं कलेपर्यंत तो वर फिरत राहिला, टेकताना पेट घेऊ नये म्हणून तेल संपवत. आम्ही चाक परत बसवून गाडी कडेला ओढून घेतली. तुम्ही पट्ट्या परत अंथरल्यात, नीट, दगड ठेवून, चादरीच्या सुरकुत्या काढाव्यात तशा. मला त्याबद्दल तुमचा आजही राग येतो आणि अभिमानही तिथलाच आहे. पट्ट्या अंथरल्या म्हणजे तुम्ही त्याला या म्हणालात. आता जे होईल ते तुमच्या दारात.

उजवं चाक टेकलं. डावा पंख वर, वर, वर राहिला. मी डोळे मिटले नाहीत, तुम्ही मिटलेत, हे तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाही. वेग संपत आला तसा पंख हळूच खाली आला, जमिनीला लागला, आणि सगळं विमान धुळीत गर्रकन फिरून उभं राहिलं. पंखाचं टोक मोडलं होतं. माणूस स्वतःच्या पायांनी खाली उतरला.

पंजाबकडचा तरणा मुलगा होता. आपल्या ओट्यावर बसून त्यानं चहा घेतला. त्यानं सांगितलं, कुठंतरी नळी फुटून चाकं खाली सोडणारं तेल गेलं होतं. पण त्याच्यासमोर चाकांचे दोन दिवे होते आणि दोन्ही हिरवे लागले होते. तारेत काहीतरी बिघाड. दोन्ही चाकं खाली आहेत म्हणून तो निर्धास्त होता. तुम्ही मला ते परत परत सांगायला लावलंत, तुमचं हिंदुस्थानी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं असताना. मला ऐकवायचं होतं तुम्हाला. बघ, त्याला ठाऊकच नव्हतं.

तिथनं पुढं तो वाद आपल्या घरात राहायलाच आला. मी म्हणायचे, विमानाची गोष्ट वेगळी. त्याला कळल्यावर पंख तरी वर धरता आला. कळून हातात काहीच नसेल तर कशाला सांगायचं? तुम्ही म्हणायचात, असतं काहीतरी. काय असतं, ते मात्र तुम्हाला सांगता यायचं नाही.

माझी आई गेली तेव्हा भावानं बार्शीहून माणूस पाठवला. सगळीकडं पाठवतात तसाच निरोप, आई फार आजारी आहे, निघून या. खरं काय ते त्यानं तुमच्या कानात सांगितलं आणि बार्शीपर्यंत बोलू नका म्हणाला. आणि तुम्ही येडशीच्या फलाटावर, बार्शीची ती छोटी आगगाडी समोर उभी असताना, मला सांगून मोकळे झालात. मी सगळा प्रवास खिडकीला डोकं लावून रडत केला. किती वर्षं मी ते तुम्हाला ऐकवलं. म्हणायचे, तेवढे दोन-तीन तास तरी माझी आई जिवंत राहिली असती. तुम्ही म्हणायचात, दारात जमलेल्या माणसांच्या चपला बघून कळण्यापेक्षा माझ्याकडनं कळलेलं बरं. मला ते कधी पटलं नाही.

लढाई संपली, विमानं यायची थांबली. मग ते धुमाळीचं वर्ष आलं, राज्य बदललं, कचेरीवरचा झेंडा बदलला. आपल्याला कुणी जा म्हणालं नाही आणि राहाही म्हणालं नाही. तुम्ही दगड वेचत राहिलात. आणि मग तुमचं पोट दुखायला लागलं.

गावात कुजबुज झाली की ते जू दक्षिणेला केलं होतं ना, म्हणून. नागनाथही माझ्या नजरेला नजर देईना. त्याला मी स्वच्छ सांगितलं, त्या जुवानं काही झालेलं नाही. जू मीही ओढलं होतं, आणि माझं डोकंसुद्धा दुखत नाही.

डॉक्टर नागनाथच्याच गाडीतनं आले होते. तुम्हाला तपासलं, तुमच्याशी शेतीपाण्याचं बोलले, आणि मग मला मागं टाकीजवळ बोलावलं. पोटात गाठ आहे म्हणाले, फार पुढं गेलीय, कापूनही उपयोग नाही. त्यांना सांगू नका, धीर सुटेल. मी बरं म्हणाले. मला ते सांगायला नकोच होतं. मी तोंड धुतलं, आत आले आणि म्हणाले, उष्णता आहे, पथ्य पाळलं की महिनाभरात बरं वाटेल. तुम्ही म्हणालात, "मंग चांगलं हाय की."

तुम्ही इतक्या सहज मान्य केलंत याचं मला नवल वाटायला हवं होतं. कुठल्याही गोष्टीवर तीन प्रश्न विचारल्याशिवाय न राहणारा माणूस. पण मी इतकी घाबरले होते की मला फक्त सुटल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी तुम्ही पिठलं मागितलंत. नागनाथ औषध घेऊन परत आला होता, तो तुमच्याजवळ बसला होता आणि मी चुलीपाशी. पिठल्यात मीठ दोनदा पडलं. तुम्ही घास घेतलात, तोंड वाकडं केलंत आणि म्हणालात, माझ्या माहेरी मीठ फुकट मिळतं काय. आपण दोघं खूप हसलो. त्या हसण्यावर मी पुढचे सगळे दिवस काढले. रोज नवीन काहीतरी सांगायचे. आज चेहरा बरा आहे, आज सूज कमी आहे. तुम्ही व्हय म्हणायचात. मी बाहेर टाकीपाशी जाऊन रडायचे, आणि मला वाटायचं, या माळावर माझ्याइतकं एकटं कुणी नाही.

दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नागनाथ गाडी घेऊन दारात उभा. म्हणाला, वैनी, सामान बांधा, बार्शीला तुमच्या भावाकडं पोचवायचंय. मी म्हणाले, तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, मालकांनी. कधी, म्हणून विचारलं, तर म्हणाला, डाक्तर आलते त्याच दिशी, तुमी पिठलं करत हुता तवा.

टाकीकडची खिडकी तुमच्या उशाशीच होती. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

मी विचारलं, मग मला का नाही बोलले? नागनाथला ते सांगायचं नव्हतं. पण तुमच्याजवळ वर्षानुवर्षं बसलेला माणूस तो, शेवटी बोललाच.

"मालक म्हनले, ती लई कष्टानं झाकतीया. झाकू दे तिला."

गाडी मी माघारी पाठवली आहे. जाईन बार्शीला, पण आज नाही. आज मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि तुम्ही नाही आहात. एका परक्या पोराला त्याचं काय ते कळावं म्हणून तुम्ही ऊर फुटेस्तोवर गाडी फिरवलीत. माझ्या आईचं मला फलाटावर सांगितलंत. जन्मभर एका गोष्टीवर अडून बसलात, आणि ती सोडलीत ती माझ्यासाठी, तीही न सांगता. मी जिंकले म्हणायचं का आता?

तुम्ही म्हणायचात ना, कळलं की काहीतरी असतंच हातात. काय असतं ते मला आता कळतंय. मला तुम्हाला सांगायचं होतं की मला फार भीती वाटते. तुम्हालाही वाटत असणार. ते एकमेकांना सांगायला आपल्याकडं एवढे दिवस होते, आणि आपण मिठावरून हसत बसलो.